तीन डॉलरांचा राक्षस आणि आमच्या ओट्यावरचा वाघ

१/८
धर्माबादच्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर, शहाबादी फरशीत, खिळ्याने कोरलेला एक पट होता. वाघ-बकरीचा. खडे म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. मी नेहमी वाघ घेई. आजोबा नेहमी बकऱ्या.

२/८
वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मात्र मारता येत नाही. सर्वांनी मिळून वाघाला कोंडायचे असते. धर्माबादलगतच्या तेलंगणात हाच खेळ ‘पुली-मेका’. नेपाळात ‘बाघचाल’, त्यात ४ वाघ आणि २० बकऱ्या.

३/८
आता १९७७ सालची अमेरिका. स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘ओगर’ हा खेळ मेटागेमिंग कंपनीने काढला. किंमत २.९५ डॉलर. कागदी नकाशा, पातळ पुठ्ठ्याच्या सोंगट्या, छोटी नियमपुस्तिका. ओगर म्हणजे पाश्चात्त्य लोककथांतला नरभक्षक राक्षस.

४/८
येथे तो भविष्यकाळातला स्वयंचलित, महाकाय रणगाडा आहे. एका बाजूस तो एकटा. दुसऱ्या बाजूस लहान रणगाडे, तोफा आणि पायदळ. ‘मार्क ३’ या ओगरला ४५ पट्टे असतात. दर १५ पट्टे तुटले की त्याचा वेग एका घराने घटतो. सारे तुटले की तो जागीच थिजतो.

५/८
पुण्यात शिकताना हा खेळ हाती आला. सुट्टीत घरी आणून आजोबांपुढे मांडला. नियम ऐकून ते म्हणाले, “अरे, हा तं आपला वाघच की!” मी ओगर घेतला. त्यांनी माझ्या तोफांकडे ढुंकूनही पाहिले नाही. सारा मारा पट्ट्यांवर केला. मी हरलो. “वाघाला मारायचं नसतं, अडवायचं असतं,” एवढेच ते बोलले.

६/८
१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजोबांचे बालपण रझाकारांच्या दहशतीत गेले. ते कधीच वाघ का घेत नसत, हे मी त्यांना विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

७/८
२०१२ साली ओगरच्या भव्य आवृत्तीसाठी चाहत्यांनी ९ लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. ती पेटी १० किलोंहून जड भरली. आणि त्याच सुमारास छोटी आवृत्तीही पुन्हा निघाली, जुन्याच २.९५ डॉलरांत! खेळाचा जीव पेटीत नव्हताच. अनेक दुबळे मिळून एका बलाढ्याला रोखू शकतील का, हा प्रश्न दोन्ही पटांवर एकच आहे, आणि तो मांडायला खर्च येत नाही.

८/८
गेल्या वर्षी आमच्या ओट्यावर चकचकीत टाइल्स बसल्या. पट त्यांखाली गेला. आपल्या गावातील देवळांच्या ओवऱ्या, घाटांच्या पायऱ्या, गढ्यांचे ओटे एकदा निरखून पाहा. अशा रेघा दिसल्या तर छायाचित्र घ्या, आणि थोरांना विचारा की ते कोणत्या बाजूने खेळत. विचारायला उशीर करू नका.