परकायाप्रवेश

शाळेच्या संगणकाचे सर्वाधिकार माझ्या खात्याकडे होते. साधे पत्र टंकण्यासही मी त्याच खात्यात बसत असे. एकदा पेन ड्राइव्हमधून विषाणू शिरला आणि माझ्याच अधिकारांच्या बळावर त्याने निकालपत्रके नासवली. मी लिपिकावर संतापलो. पेन ड्राइव्ह मात्र माझाच निघाला.

आता निकालपत्रके निराळ्या खात्याच्या स्वाधीन आहेत. साध्या खात्यातूनच शिफ्टची कळ दाबून निकालाच्या प्रोग्रामवर उजवी क्लिक करतो, दुसऱ्या वापरकर्त्याचा पर्याय निवडून परवलीचा शब्द देतो. तेवढाच प्रोग्राम त्या खात्याच्या अधिकारात चालतो. तो मिटताच अधिकारही सरतो. विंडोज २००० पासूनची ही सोय मला उशिरा उमगली.

अमरुक राजाच्या देहात रमलेल्या शंकराचार्यांना शिष्यांनी स्वरूपाची आठवण करून दिली, अशी कथा आहे. मला ती लिपिकाच्या अबोल नजरेने करून दिली.