दोन आंब्यांचा एक आंबा

उभ्या उसात रेंजफाइंडर कॅमेरा हमखास फसतो. ज्यांनी तो घडवला त्यांना याची कल्पना नसणार. युरोपात तिकडची साखर बीटाची, आणि बीट जमिनीत वाढतं. कोल्हापूरजवळच्या आमच्या गडमुडशिंगीत मात्र गावाबाहेर पाऊल टाकलं की डोक्याच्या वर ऊस.

या कॅमेऱ्याच्या तोंडावर दोन खिडक्या असतात. माझ्या झोर्की-४ वर त्यांच्यात जेमतेम चार सेंटिमीटरचं अंतर आहे. एकीतून आपण बघतो. दुसरीतून आलेलं दृश्य आतल्या आरशावरून वळतं आणि पहिल्या दृश्याच्या मधोमध, एका फिकट ठिपक्यात येऊन बसतं. तेवढ्या जागेत समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक खरा आणि एक पुसट. भिंगाचं कडं फिरवलं की पुसट माणूस आडवा सरकत खऱ्याकडे येतो. दोघे एक झाले की अंतर जुळलं. पण तो फक्त आडवाच सरकतो, त्यामुळे जुळवायला उभी रेघ लागते. दाराची चौकट, विजेचा खांब, कानाची कड, काहीही चालतं. बांधावर किंवा कौलांच्या आडव्या ओळीवर काहीच ठरत नाही. आणि उसात तर उभ्या रेघाच रेघा, सगळ्या सारख्या. एका उसाची पुसट प्रतिमा शेजारच्या उसावर चपखल बसते, डोळा म्हणतो जुळलं, आणि फोटोत मागचा ऊस लख्ख येतो, पुढचा तोडकरी धूसर. म्हणून फडात मी उसाकडे बघतच नाही. कोयत्याची उभी मूठ शोधतो, नाहीतर मोळीला टेकून ठेवलेली काठी.

कॅमेरा मला कोल्हापुरातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने दिला. डार्करूम मोडून त्यांनी तिथे मोबाइलचं दुकान घातलं होतं आणि हायपोच्या बाटल्या ठेवायच्या फळीवर चार्जर लटकत होते. पैसे घेताना त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: "आधी चावी भरायची, मग आकडा फिरवायचा. उलटं केलंस तर आतली यंत्रणा गेली समज." झोर्कीचा हा स्वभावच आहे. शटरचा वेग चावी दिल्यानंतरच बदलायचा, आधी नाही.

घराणं मात्र मोठं आहे. ऑस्कर बारनॅकने घडवलेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला, पण त्यात अंतर अंदाजानेच लावावं लागे. भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर त्याला १९३२ साली मिळाला. दोनच वर्षांत खारकीव्हमध्ये, निराधार मुलांसाठी काढलेल्या एका श्रमवसाहतीत, त्याची नक्कल 'फेड' या नावाने बनू लागली. युद्धानंतर तोच आराखडा मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात गेला आणि १९४८ साली झोर्की आला. माझा चौथा अवतार १९५६ ते १९७३ या काळातला. नकलेची नक्कल म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडो. पन्नास मिलिमीटरचं ज्युपिटर भिंग संध्याकाळच्या उजेडात जे चेहरे देतं, त्यापुढे मला तक्रार सुचत नाही.

अंतर काढायची ही युक्ती कॅमेऱ्याहून पुष्कळ जुनी. एका बाजूची लांबी आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन माहीत असले की तिसरा बिंदू किती लांब ते हिशेबाने निघतं. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागे त्रिकोण रचत हिंदुस्थानची मोजणी सुरू झाली. माझी पायारेषा चार सेंटिमीटरची. त्यामुळे दहा-पंधरा मीटरच्या पुढचं सगळं या कॅमेऱ्याला जवळपास सारखंच. त्याला लांबचं कळत नाही, जवळ जावंच लागतं.

आणि गडमुडशिंगीत मापाचं यंत्र घेऊन कुणाच्या जवळ जाणं ही साधी गोष्ट नाही. शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. वर्षानुवर्षं तो निपचित पडून होता. मग विमानं वाढली, २०२४ च्या मार्चमध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, आणि धावपट्टी लांबवायची म्हणून गावची सुमारे ६४ एकर जमीन लागणार असं ठरलं. तेव्हापासून शिवारात कुणी डोळ्याला काही लावून उभा दिसला की बांधावरून हाक येते, "काय रं, कुणाचं माप घ्यालाईस?" ओळखीचा माणूस हे हसत विचारतो. ओळख नसलेला हसत नाही. धावपट्टीच्या कुंपणाकडे तर मी कॅमेरा फिरवतच नाही.

जगात रेंजफाइंडरचं कौतुक झालं ते नेमकं याच्या उलट कारणासाठी. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकचकीत कडांवर काळी टेप चिकटवायचा, म्हणजे कुणाचं लक्ष जाऊ नये. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत गांधीजींना भेटला, त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली, आणि नंतरच्या अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रं जगभर गेली. गर्दीत विरघळून जाणारा फोटोग्राफर दिल्लीच्या त्या अफाट लोटात शोभला. इथे विरघळणं जमत नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबलं की पहिला प्रश्न कुणाचा, दुसरा चहा घेणार का. अनोळखी माणूस या भागाला नवा आहे असंही नाही. पलीकडच्या वळिवडेच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, ते गेल्यावर सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. परक्याला सामावून घ्यायचं ते त्याची चौकशी करून, ही इथली रीत. मला ती पटते. चोरून काढलेल्या फोटोला कला म्हणणाऱ्यांनी एक दिवस इथे येऊन बघावं. चौथ्या मिनिटाला त्यांच्या हातात कपबशी असेल.

अशाच एका चौकशीतून आबांची ओळख झाली. त्यांचं रान मोजणीत येणार की सुटणार हे तेव्हा ठरायचं होतं. मी मापं घेत नाही, नुसते फोटो काढतो, याची खात्री पटल्यावर ते म्हणाले, "मग एवढा आंबा घे. आन् हीर बी यू दे त्यात." भूसंपादनात जमिनीबरोबर झाडं, विहीर, पाइपलाइन यांचीही किंमत धरतात. कागदावर काय येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांना आपल्या बाजूने काहीतरी हवं होतं. मोबाइलमध्ये काढून देतो म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. "त्येचं काय, आज हाय, उद्या पुसतंय. ह्येची कॉपी मिळंल न्हवं?"

मग आम्ही दोघांनी मिळून मापं घेतली. आंबा, विहिरीचा काठ आणि मोटरीची खोली एका चौकटीत बसेपर्यंत मागे सरकलो. भर उन्हात शंभरच्या रोलला सव्वाशेचा वेग आणि सोळाचं छिद्र हा जुना ठोकताळा, आणि सोळावर पन्नासच्या भिंगाची एक चैन असते. कडं पाच मीटरवर ठेवलं की साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. काही जुळवायची गरजच नव्हती. तरी आबांना खिडकीतून बघायचं होतं. आंब्याचा बुंधा म्हणजे रेंजफाइंडरला हवी तशी ठळक उभी रेघ. त्यांनी डोळा लावला.

"आरं, दोन आंबं दिसत्यात की!"

मी कडं कसं फिरवायचं ते दाखवलं. आंबे एकमेकांकडे सरकले, एक झाले. आबांनी कडं पुन्हा मागे फिरवलं.

"दोनच ऱ्हाऊ दे. दोन आंब्याचं पैसं मिळत्याल."

त्यांची कॉपी आठ बाय दहाची करून दिली. मागे तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

कोल्हापूरला अंतर मोजून फोटो घेण्याची सवय तशी जुनी आहे. चित्रकार बाबूराव पेंटरांनी आपले शिष्य दामले यांना हाताशी धरून १९१८ साली इथेच आपला चलचित्र कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये त्यातून 'सैरंध्री' उतरला. परदेशी यंत्र बघायचं, आणि आपल्याकडच्या लेथवर तसं कातायचं. त्या जमान्यात नटाच्या चेहऱ्यापासून भिंगापर्यंत फीत धरत आणि तो आकडा कॅमेऱ्यावर लावत. सिनेमाच्या सेटवर अजूनही फीत धरणारा माणूस असतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. रोज हजारो दुचाक्या त्याला वळसा घालून जातात आणि किती जणांना तो कशाचा हे ठाऊक असेल, मला शंका आहे. पण हात अजून गेलेला नाही. माझ्या झोर्कीचा एक स्क्रू निसटून हरवला, तेव्हा उद्यमनगरातल्या एका कारागिराने तसाच दुसरा कातून दिला आणि पैसे विचारले तर म्हणाला, फोटो काढ एक.

त्याचा फोटो काढताना या कॅमेऱ्याचा दुसरा गुण कळतो. आरशाच्या एसएलआरमध्ये बटण दाबलं की क्षणभर डोळ्यापुढे काळोख होतो, कारण आरसा वर उडतो. इथे तसं काही होत नाही. शटर पडतानाही समोरचं दिसत राहतं. कारागिराची पापणी लवली की नाही हे तिथल्या तिथे समजतं. उलट बाजूही आहे. भिंगातून आपण बघतच नसल्यामुळे भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीत सगळं छान दिसतं. आणि झाकण काढून कॅमेरा उन्हात ठेवला तर तेच भिंग कापडी शटरला भोक पाडतं. वैशाखात बांधावर कॅमेरा ठेवून पाणी प्यायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

रोल आता महाग आहे. धुलाई धरून एका फोटोला दोन-तीन चहा पडतात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' हा आपला कृष्णधवल रोल एके काळी गावोगावच्या स्टुडिओत मिळायचा, तो कारखानाच बंद झाला. मी घरीच धुतो. डी-७६ चं कोष्टक वीस अंश धरून केलेलं असतं, आणि एप्रिलमध्ये आमच्या टाकीचं पाणी तीसच्या घरात. त्यामुळे डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पातेल्यात बसवून थर्मामीटरकडे बघत राहणं आलं. घरच्यांनी त्याला नाव ठेवून झालं आहे, ते इथे लिहीत नाही.

खरी कसोटी गुऱ्हाळात लागते. चिंचवाडच्या बाजूला गेलं की हंगामात अजून चुलवाण पेटलेलं दिसतं. काहिलीतून वाफ उठली की आत सगळं दुधाळ होतं आणि खिडकीतला फिकट ठिपका त्यात विरून जातो. पुसट माणूस दिसेनासा होतो, खराही अर्धाच. अशा वेळी मी गुळव्याकडेच बघत नाही. त्याच्या हातातला ढवळायचा दांडा पकडतो, तो वाफेतही काळा राहतो. वेग तीसचा, छिद्र दोनचं, श्वास रोखलेला. जाळ घालणारा चिपाडं लोटतो तेव्हा भडका होऊन एकदम उजेड वाढतो, त्या घटकेला शटर दाबायचं. डिजिटलवर पन्नास काढून एक निवडता येतो हे मला मान्य आहे. पण गुळव्या पन्नास वेळा माझ्याकडे बघून मान हलवणार नाही. तो एकदाच बघतो.

तुमच्या माळ्यावर असा एखादा कॅमेरा पडून असेल तर आधी त्याला चामड्याच्या पेटीतून बाहेर काढा. पावसाळ्यात ती पेटी ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते. मागचं दार उघडून रिकाम्या कॅमेऱ्याला चावी द्या, सगळ्या वेगांवर शटर पाडून बघा, पडदा उजेडासमोर धरून भोकं तपासा. एवढं ठीक असेल तर एक रोल मागवून घ्या. आणि पहिल्या रोलला फार विचार करू नका. आपल्याच शिवारातलं एखादं झाड, एखादी विहीर घ्या, ज्याची आहे त्याला विचारून, आणि त्याची कॉपी त्याला नक्की द्या. गुऱ्हाळ घ्यायचं असेल तर मात्र घाई करा. मार्च सरला की चुलवाणं विझतात, आणि दर हंगामात त्यांतली काही पुन्हा पेटत नाहीत.