इंदूरचा धडा

इंदूरला माणसे जातात ती राजवाडा पाहायला आणि रात्री सराफ्यात खायला. मी गेलो तो एका फसलेल्या खड्ड्यापायी!

त्याचे असे झाले. पेन्शनीत निघाल्यावर घरची भाजी खावी अशी हौस वाटली. माघात पुण्याच्या घरामागे खड्डा खणला. देठे, साली, शिळा भात, जे स्वयंपाकघरातून निघेल ते त्यात टाकायचे आणि वर बादलीभर पाणी ओतायचे, असा नेम धरला. महिन्याभरात काळा लगदा झाला, माश्या घोंगावू लागल्या आणि शेजाऱ्यांची आमच्या बाजूची खिडकी बंद झाली ती उघडेना. तरी चैत्रात तेच 'खत' मी वांग्यांना घातले. आठवड्यात रोपांनी माना टाकल्या.

"दिवाळीपर्यंत काय ते करा. नाहीतर खड्डा बुजवून मी तिथं फरशी घालून घेणार!" सौभाग्यवतींनी निक्षून सांगितले.

तेव्हा इंदूरची ताई आठवली. भावजी तिथल्या कृषी महाविद्यालयात शिकलेले. ज्येष्ठात गाडी गाठली.

सकाळीच भावजींनी मला महाविद्यालयाच्या आवारात नेले. होळकरांच्या राज्यात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इथेच कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. दोघांनी मिळून १९३१ साली त्यावर पुस्तकही लिहिले. १९३५ साली खुद्द गांधीजी ते काम पाहून गेले.

"पण यात नवं काय होतं? उकिरडा तर आपल्याकडे पूर्वापार आहे," मी म्हणालो.

"उकिरड्यात नुसतं टाकतात. इथं रचायला शिकवलं," भावजी म्हणाले. "कपाशीच्या, तुरीच्या काड्या कुजत नाहीत ना? मग त्या शेतरस्त्यावर पसरायच्या. येत्याजात्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप चिरडल्या जायच्या. विकत आणायचं काही नाही!"

घरी परतल्यावर त्यांनी परसातला ढीग दाखवला. आधी जाड काड्या, म्हणजे खालून हवा खेळते. वर वीतभर वाळका पाला, त्यावर त्याच्या निम्माच ओला कचरा, मग शेणकाला, मूठ मूठ माती आणि राख. पुन्हा पाला. ओल किती? मुठीत दाबले तर बोटे ओली व्हावीत, पण पाणी ठिबकू नये. भावजींनी मधोमध लोखंडी सळई खुपसली, थोड्या वेळाने काढून माझ्या हाती दिली. हात भाजला!

"ही ऊब म्हणजे आत जंतू कामाला लागलेत. त्यांना हवा लागते. तू त्यांना पाण्यात बुडवलंस, म्हणून घाण सुटली. आणि अर्धकच्चं खत कुजताना मुळांचंच अन्न खातं. तुझी वांगी उपाशी मेली, बाबा!"

ढीग तीनदा उलथायचा: पंधरवड्याने, पुन्हा पंधरवड्याने, मग महिन्याने. सारे मिळून नव्वद दिवस. पावसाळ्यात तर खड्डा नकोच, जमिनीवरच रचायचा.

आषाढाच्या आरंभी मी पुण्यात तसाच ढीग रचला, वर जुना पत्रा टाकला. वाळका पाला हवा म्हणून रस्त्यावरचा पाला पोत्यात भरताना ओळखीची माणसे पाहत; पाहोत बापडी! तिसऱ्या उलथणीला वास गेला. आश्विनात मूठ उचलली तर काळी, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच वास. देठ ओळखू येईना, साल ओळखू येईना.

नवशिक्याने वांग्याच्या वाटेला जाऊ नये, मेथीपासून आरंभ करावा, हे भावजींचे शेवटचे सांगणे. घटस्थापनेला वाफ्यात खत मिसळून मेथी टाकली. हे लिहितो आहे तेव्हा ती चार बोटे वर आली आहे. दिवाळीला जुडीभर तरी निघेल.

फरशीचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. उलट काल सकाळी पाहिले, तर चहाचा चोथा कोणीतरी आधीच ढिगावर नेऊन टाकला होता, आणि वर न विसरता वाळका पाला!