किल्ल्या बाहेर काढून ठेवा

शेतीची वीज रात्रपाळीची असली की माणूस झोपतो आणि मोटर जागी राहते. एखादी फेज उडाली आणि स्टार्टरने वेळेवर पाडलं नाही, तर सकाळी विहिरीवर जळक्या वॉर्निशचा वास येतो. मार्चमध्ये मला तो आला. ऊस पाण्याला आलेला. मोटर टेम्पोत घातली आणि कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठलं.

चौथ्या दिवशी मोटर भरणाऱ्या मिस्त्रींचा फोन आला. गेलो तर स्टेटर टेबलावर आडवा, खाचांत नवी तांब्याची तार भरलेली, मध्ये रोटर नाही, नुसती पोकळी. मिस्त्रींनी खिशातून बेअरिंगची एक गोळी काढली, आत टाकली आणि टेस्टिंग बोर्डावरून कमी दाबाची थ्री फेज दिली. गोळी पळायला लागली. आतल्या भिंतीला धरून गरागरा, जत्रेतल्या मौत का कुआंतल्या फटफटीसारखी. दोन वायरी अदलाबदल केल्या, गोळी उलट पळाली.

"एखादी कॉइल उलटी बसली आसती तर गोळी अडखळली आसती. आता काय न्हाई. घिऊन जावा."

"मिस्त्री, परत एकदा दाखवा."

"आवो सर, तुमी फिजिक्सवाले न्हवं?"

होय. बी.एस्सी. फिजिक्स, शिवाजी विद्यापीठ. फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं डेरिव्हेशन मला आजही येतं: तीन साईन लाटा, एकमेकींत 120 अंशांचं अंतर, बेरीज केली की दीडपट उत्तर. परीक्षेत ते लिहून मी पूर्ण मार्क घेतले होते. तार जागची हलत नाही आणि तिच्यातलं चुंबकत्व मात्र बैलासारखं घाण्याभोवती फिरतं, हे डोळ्यांनी पाहायला एक मोटर जाळावी लागली.

आमच्या प्रयोगशाळेत फिरणारं काही नव्हतंच. तिथे होता टँजंट गॅल्व्हनोमीटर. उभं गोल कडं, त्यावर 2, 50 आणि 500 वेढे, मधोमध होकायंत्राची डबी, सुईखाली आरसा. सुई आणि तिचं प्रतिबिंब एकावर एक आले की रीडिंग घ्यायचं. हल्लीचे आकडे दाखवणारे मीटर मला आवडत नाहीत. त्यांच्यापुढे वाकून बघावं लागत नाही. कडं आधी चुंबकीय याम्योत्तरात आणायचं, मग प्रवाह सोडून सुई 45 अंशांच्या आसपास ठेवायची. एकीकडे कड्याचा ओढा, दुसरीकडे पृथ्वीचा. त्या रस्सीखेचीतून पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक काढायचा.

सर दारातच ओरडायचे, "किल्ल्या बाहेर काढून ठेवा!" सायकलच्या, घराच्या, होस्टेलच्या खोलीच्या. मुलींनी केसांतल्या पिना. बूट घालून येणाऱ्यांकडे सर संशयाने बघत, कारण टाचेत खिळे असायचे. पायात अस्सल कोल्हापुरी असली की मात्र बिनधास्त; ती चामड्याच्या वादीनेच शिवलेली, तिच्यात खिळा नसतो. सुईजवळ जायला त्याहून योग्य पादत्राण जगात नसेल.

ह्या नियमाचा थोरला भाऊ मला फार वर्षांनी अलिबागला भेटला.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. चुंबक टांगलेला, आणि कोणीतरी डोळे लावून आकडे वाचून वहीत लिहितोय. 2 सप्टेंबर 1859 च्या सकाळी ते आकडे घसरू लागले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर लखलखाट पाहिला होता, ते कुलाब्यात कोणाला ठाऊक असणार? आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली गेला. म्हणजे 0.016 गाऊस. आमच्या गॅल्व्हनोमीटरवर सुई जेमतेम हलली असती. पण इतकं जबर चुंबकीय वादळ त्यानंतर आजवर नोंदलं गेलेलं नाही, आणि संशोधक अजून त्या वहीकडे परत जातात. वहीतल्या माणसाचा मी पुष्कळदा विचार करतो. नेहमीची किंमत त्याला पाठ असणारच. समोरचा आकडा तिच्याशी जुळत नाही. चष्मा पुसला असेल, दोरा तपासला असेल, शेजाऱ्याला हाक मारली असेल. आणि मग जे दिसलं ते लिहिलं.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, वाटेत जमिनीत पाझरतो. कुलाब्याचा चुंबक थरथरत राहिला असता. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. तिथे लोखंड टाळून इमारती बांधल्या. 1904 ते 1906 कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे मोजणी चालली, जुनं माप आणि नवं माप शेजारी ठेवून ताडून बघावं तशी. 1907 मध्ये विजेची ट्राम धावली, तोवर सुई बिऱ्हाड हलवून मोकळी झाली होती. सगळं शहर नव्या गाडीच्या कौतुकात असताना एका सुईच्या शांततेसाठी समुद्रापार घर बांधलं गेलं, ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं. अलिबागला गेलो की लोक किल्ला बघतात, मासे खातात. मी वेधशाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहतो आणि हात आपोआप खिशाकडे जातो.

कोल्हापुरात कुठे पळणार? गाव फाउंड्र्यांचं. पायाखालचा दगडही धुतल्या तांदळासारखा नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तेव्हा त्यातल्या लोहकणांनी त्या वेळची उत्तर-दक्षिण पकडून ठेवली. घाटातल्या खालच्या थरांत ती चक्क उलटी आहे. तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. वरच्या थरांत ती सुलटी होते. त्या वरच्यांतल्या एका थरमालिकेला भूशास्त्रज्ञ पन्हाळा फॉर्मेशन म्हणतात.

प्रयोगशाळेत त्या आडव्या घटकाचं माझं उत्तर 0.31 गाऊस आलं होतं. फळ्यावर 0.38 लिहिलेलं. मी तीनदा प्रयोग केला, किल्ल्या दोनदा तपासल्या, पार्टनरने घड्याळही काढलं. तिन्ही वेळा 0.31 च्याच आसपास. मग जर्नल जवळ ओढलं, कोन सहा-सहा अंशांनी खाली आणले आणि 0.38 काढून दाखवलं. सरांनी सही केली. पास झाल्यावर एकदा काही कागद आणायला गेलो, तेव्हा प्रयोगशाळा रिकामी होती. सहज वाकून बघितलं. आमच्या टेबलाला खालून दोन जाडजूड लोखंडी अँगल मारलेले होते.

मिस्त्रींनी गोळी पुसून खिशात टाकली. जळालेली जुनी तार तराजूवर ठेवली आणि तिचे पैसे बिलातून वजा केले. दोन किलो आठशे ग्रॅम भरली.