रबरी नळी

यंत्राची स्तुति करावयास बसलेला मनुष्य बहुधा त्याच्या लोखंडाचीच स्तुति करतो. इंजिनाची शक्ति आणि चाकांचा वेग यांविषयीं बोलणारे पुष्कळ आढळतात. परंतु इंजिन व रेडिएटर यांस जोडणाऱ्या काळ्या रबरी नळीविषयीं कोणीं चार शब्द बोलल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ती फुटली म्हणजे मात्र सर्वांच्या तोंडीं तिचेंच नांव होतें.

आमच्याकडे एक जुनी मॅटाडोर आहे. तिच्यांत दोन बाकें, एक स्टोव्ह व पाण्याची टाकी बसवून आम्हीं तिचें फिरतें घर केलें आहे. दिवाळीच्या सुटींत या घरासह प्रवासास निघावें, असा आमचा व सौभाग्यवतींचा क्रम आहे. आम्ही पनवेलचे रहिवासी. तेव्हां पुण्याकडे निघालों कीं बोरघाट आड येतो. सर जॉन माल्कम यांनीं १८३० सालीं गाड्यांसाठीं हा घाट खुला केला, तेव्हां चढावर बैल थकत; आतां इंजिन थकतें. मुंबई-पुणें द्रुतगति-मार्ग २००२ सालीं पुरा झाला, तरी चढ तो चढच. खोपोलीपासून थोड्याच अंतरांत सुमारें २,००० फूट उंचीवरील लोणावळें गांठावयाचें. वेग कमी, श्रम अधिक, आणि रेडिएटरला वारा अपुरा! जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशीं नाणें वाहणारे चालक पुष्कळ आहेत, आम्हीही वाहतों. परंतु शिंग्रोबानें साहेबास घाटाची वाट दाखविली, एवढेंच लोक सांगतात; आमच्या नळ्यांची हमी त्यानें घेतल्याचें कोणी सांगत नाहीं.

या नळ्यांचें काम थोडक्यांत असें. पाणी आणि कूलंट यांचें मिश्रण पंपाच्या जोरानें इंजिनाभोंवतीं फिरतें. तापलें म्हणजे वरच्या नळीनें रेडिएटरमध्यें जातें, आणि निवाल्यावर खालच्या नळीनें परत येतें. रेडिएटरचें झांकण आंत दाब धरून ठेवतें, म्हणून उष्णता शंभर अंशांपलीकडे गेली तरी हें मिश्रण उकळत नाहीं. याच कारणास्तव तापलेल्या गाडीचें झांकण उघडणें म्हणजे हात भाजून घेणें होय. नळी फुटली तर तें सारें मिश्रण रस्त्यावर सांडतें, आणि चालक वेळीं थांबला नाहीं तर थोड्याच वेळांत इंजिनाचें हेड वांकतें.

यंदा सुटीपूर्वीं आम्हीं गाडी मिस्त्रींकडे नेली. सकाळची वेळ होती. इंजिन थंड होतें. वरची नळी दिसावयास तुकतुकीत होती. मिस्त्रींनीं ती मध्यभागीं दाबली, मग क्लिपजवळ दाबली, आणि म्हणाले, "सर, पाईप डोळ्यानं नका बघू, बोटानं बघा." आम्हीं बोट लावलें. मध्यें ती घट्ट होती. टोंकाशीं मात्र पिकल्या फळासारखी दबत होती. त्यांनीं खालीं परात ठेवून मिश्रण काढून घेतलें, कारण तें विषारी असून कुत्रींमांजरें तें चाटतात. नळी ओढून काढली तर रेडिएटरचें नाजूक तोंड तुटावयाचें. म्हणून पात्यानें उभी चिरली. आंत बारीक उभ्या चिरा पडलेल्या होत्या. धातु आणि द्रव यांच्या सान्निध्यांत जी सूक्ष्म विद्युत्-रासायनिक क्रिया चालते, तिनें रबर आंतून व टोंकांकडून फाटूं लागतें. बाहेरच्या अंगास त्याची वार्ताही नसते.

"एवढी एकच बदलावी काय?" आम्हीं विचारलें.

"बाकीच्याही हिच्याच वयाच्या आहेत, सर."

हें उत्तर बिनतोड होतें. सर्व नळ्या व क्लिपा नव्या आल्या. तोंडें घासून स्वच्छ झालीं. नळी सरकावी म्हणून तेल न लावतां कूलंटचाच हात फिरविला गेला, कारण तेलानें रबर फुगतें. मिश्रण भरून, आंतील हवा काढून, इंजिन एकवार तापवून निवविलें आणि क्लिपा पुनः आवळल्या. तेवढ्या वेळांत आम्हीं विचारलें कीं, इतका नाशवंत पदार्थ येथें कशाला? तांब्याची नळी कां नसावी? मिस्त्री म्हणाले, "इंजिन हलतं, रेडिएटर जागेवर असतो. मधे कोणीतरी वाकायला नको का?"

हें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. आमच्या लहानपणीं वडील आणि काका एकाच ओसरीवर बसत, परंतु वर्षानुवर्षें एकमेकांशीं बोलत नसत. "भावोजी, यांनी विचारलंय," आणि "अहो, भावोजी म्हणतात," असे निरोप आई स्वयंपाकघर सोडून नेई आणि आणी. नेतां नेतां त्यांतील धारही बोथट करी. घर एकत्र राहिलें याचें श्रेय लोकांनीं वडिलांच्या करारीपणास आणि काकांच्या सोशिकपणास दिलें. आई अखेरपर्यंत हंसतमुख दिसली. ती गेली, आणि सहा महिन्यांत वांटण्या झाल्या.

आज आमच्या घरींही एक वाद चालू आहे. चिरंजीवांस परदेशीं कायमचें राहावयाचें आहे. आमचें मत निराळें आहे. दोघांचे निरोप सौभाग्यवतींच्या हस्तें जातात, आणि त्याही हंसतमुख आहेत. वाद तापलेला असतां त्यांस कांहीं विचारून उपयोग नाहीं, तेव्हां त्या "मला काय होतंय?" एवढेंच म्हणणार. यास्तव एखाद्या सकाळीं, घर निवांत असतां, त्यांस विचारण्याचें आम्हीं योजिलें आहे. चार-पांच वर्षांनीं रबरी नळी बदलतां येते; मनुष्याच्या बाबतींत ती सोय नाहीं, म्हणून त्याची विचारपूस अधिक लवकर झाली पाहिजे.