दिवस मोजले, माणसं राहिली

दरवर्षी मार्च-एप्रिलात ती बातमी येते आणि दरवर्षी ती मला खुपते. सोनमर्गहून द्रासकडे नेणारी जोजिला खिंड वाहतुकीला खुली झाली, इतक्या दिवसांत झाली, मागच्या वर्षापेक्षा लवकर झाली. 2022 साली 73 दिवस लागले, 2023 साली 68, 2024 साली 35 आणि 1 एप्रिल 2025 रोजी तर अवघ्या 32 दिवसांत रस्ता उघडला. काही दशकांपूर्वी हाच रस्ता सहा-सहा महिने बंद असायचा, हे ध्यानात घेतलं तर सीमा रस्ते संघटनेची कामगिरी मोठी आहे यात वाद नाही. पण आपण त्या कामाचं माप काढतो ते फक्त दिवसांत. डोझरवर कोण बसलं होतं, त्याच्या मागे फावडं घेऊन कोण चालत होतं, ते कुठे झोपत होते, हे त्या बातमीत नसतं. माझं म्हणणं असं की हे मापच चुकीचं आहे, आणि चुकीचं माप धोकादायक असतं, कारण माणसं मापाकडे बघूनच काम करतात.

काम कसं चालतं ते आधी पाहू. सोनमर्गच्या बाजूने ‘बीकन’ प्रकल्पाची माणसं आणि द्रासच्या बाजूने ‘विजयक’ प्रकल्पाची माणसं बर्फ कापत निघतात आणि खिंडीत एकमेकांना भेटतात. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर स्नो कटर चालतो. तो बर्फ ओढून घेतो आणि दूर दरीत फेकतो. पण हिमस्खलनाने खाली आलेल्या ढिगाऱ्यात दगड असतात, झाडांची खोडं असतात, आणि तो बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसलेला असतो. तिथे कटरची पाती मोडतात, म्हणून तिथे डोझरच लागतो. ऑपरेटर पात्याने बर्फ दरीच्या अंगाला लोटतो, मागे येतो, पुन्हा लोटतो. रस्त्याची कड कुठे संपली ते दिसत नाही, कारण कडेबाहेर झुकलेला बर्फही जमिनीसारखाच दिसतो. पातं वीतभर पुढे न्यायचं की थांबायचं, हे त्याला साखळ्यांखालच्या आवाजावरून आणि यंत्राच्या झुकण्यावरून ठरवावं लागतं. तो एका बाजूला दरी सांभाळत असतो आणि दुसऱ्या बाजूला उतार, ज्यावर अख्ख्या हिवाळ्याचा बर्फ अजून तसाच असतो. वरून बर्फ सुटला तर त्याला पळायला एकच वाट असते, मागची. दुपारी ऊन चढलं की धोका आणखी वाढतो, म्हणून कामाची खरी वेळ सकाळची. आता या माणसाला कोणी सांगितलं की गेल्या वर्षी 35 दिवस लागले होते, यंदा त्याच्या आत झालं पाहिजे, तर दुपारचा तो एक तास कोणत्या पारड्यात पडेल?

शिवाय हा आकडा निव्वळ मेहनतीचा नसतोच. एखाद्या वर्षी बर्फ कमी पडतो, एखाद्या वर्षी उशिरा पडतो, आणि खिंड मुळात बंदच उशिरा होते. 2023 साली ती 6 जानेवारीपर्यंत चालू होती. त्यामुळे 68 च्या शेजारी 32 ठेवून कोणाचं काम सरस ठरवणं हे निसर्गाचं श्रेय माणसाला आणि निसर्गाचा दोष माणसाच्या माथी मारण्यासारखं आहे.

हा प्रश्न एकट्या जोजिलाचा नाही. 28 फेब्रुवारी 2025 रोजी उत्तराखंडात माणा आणि बद्रीनाथच्या मध्ये जे झालं, त्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या मजुरांची छावणी तिथे होती. लोखंडी कंटेनरांत माणसं झोपली होती आणि सकाळी त्यांच्यावर हिमकडा कोसळला. आदल्या संध्याकाळीच चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने चमोलीसह पाच जिल्ह्यांत, 2,400 मीटरच्या वरच्या भागासाठी, हिमस्खलनाचा इशारा दिलेला होता. म्हणजे शास्त्र कमी पडलं नाही. इशारा होता, आणि माणसं तिथेच होती. अडकलेले किती, तर आधी 57 म्हटलं गेलं, मग 55, मग 54. एक जण कोणाला न सांगता आपल्या घरी गेला होता, हे नंतर कळलं. 46 जण वाचले, 8 गेले. जवानांनी ज्या जिद्दीने बर्फ खणून त्यांना बाहेर काढलं, तिला तोड नाही. पण छावणीत नेमके किती जण झोपलेत याचा पक्का आकडा दुर्घटनेच्या दिवशी हाताशी नसावा, हे मला आजही पटत नाही. खिंड किती दिवस बंद होती याची बिनचूक नोंद आपण ठेवतो.

कोणी म्हणेल, हे लष्करी शिस्तीचं काम आहे, जोखीम गृहीतच धरलेली असते. सीमा रस्ते संघटनेच्या कायम दलाच्या, म्हणजे ग्रेफच्या, जवानांपुरतं हे मान्य करता येईल. ते वर्दीतले आहेत, त्यांचं केंद्र आपल्या पुण्यात दिघीला आहे, त्यांना प्रशिक्षण आहे, पेन्शन आहे. पण त्यांच्यासोबत झारखंड-बिहारहून हंगामापुरते आलेले रोजंदारी मजूर असतात. त्यांच्यासाठी 10 लाखांचा समूह विमा मंजूर झाला तो जानेवारी 2024 मध्ये. पार्थिव गावी पोचवण्याची सोय 2023 साली झाली, आणि तेव्हाच अंत्यसंस्काराची रक्कम 1,000 वरून 10,000 रुपये झाली. या सुधारणांचं मी मनापासून स्वागत करतो, पण सीमा रस्ते संघटना 1960 सालची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रस्ता बंद राहिला तर लडाखच्या लोकांचे हाल होतात, भाजीपाला महागतो, आजारी माणूस अडकतो, सैन्याची रसद विमानावर येते. हे शब्दशः खरं आहे, आणि हे लिहिताना माझंच मन डळमळतं. द्रासमधल्या बाळंतिणीला मी कोणत्या तोंडाने सांगू की आणखी आठवडाभर थांब? म्हणून रस्ता उशिरा उघडा असं मी म्हणत नाही. इशारा लागू असताना काम आणि मुक्काम दोन्ही हलवा, आणि त्यात गेलेला दिवस कोणाच्या नावावर अपयश म्हणून लिहू नका, एवढंच म्हणतो. जोजिलाखालून बोगदा झाला की प्रश्न मिटेल, हेही अर्धसत्य आहे. रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाला, तरी डिसेंबर 2024 मध्ये बर्फ पडताच त्याच्या सोलंगकडच्या रस्त्यावर सुमारे हजार गाड्या अडकल्या. बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता उघड्यावरच असतो, आणि तिथे डोझरच लागतो.

महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात मोटारी आणि मोटारसायकली घेऊन लडाखला जाणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. बर्फाच्या भिंतींमध्ये डोझर काम करताना दिसला, तर गाडी बऱ्याच मागे उभी करा, फोटोसाठी त्याच्या पाठीशी गर्दी करू नका. त्याला मागे यायला रस्ता मोकळा हवा असतो.