सहा शिलिंग आठ पेन्स

इंग्रजी कादंबरीचा ज्यांना थोडाबहुत नाद आहे त्यांना विलायती वकिलाची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मधला टल्किंगहॉर्न, ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला उराया हीप, जॉर्ज एलियटच्या ‘फेलिक्स होल्ट’मधला जर्मिन, ही मंडळी एकदां वाचनांत आली कीं मनांतून सहसा जात नाही. काळा पोषाख, मोजकें बोलणें आणि खिशांत दुसऱ्यांचीं रहस्यें! गेलीं कित्येक वर्षें हीं पुस्तकें आम्ही वर्गांत शिकवीत आलों आहों, आणि एखादा चौकस विद्यार्थी अधूनमधून विचारतोच, “पण सर, हे लोक दिवसभर करतात तरी काय?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. कादंबरीकार वकिलाला नेहमीं कारस्थानाच्या ऐन घटकेला गांठतो. सोमवारीं सकाळीं दहा वाजतां तो आपल्या मेजाशीं बसून काय करीत असतो, हें सांगण्यास त्याला फुरसत नसते. आमचें कुतूहल त्या सोमवारच्या सकाळीविषयींच आहे.

‘सॉलिसिटर’ हा शब्द मुंबईच्या फोर्टांतील कचेऱ्यांमुळें आमच्याकडे अपरिचित नाहीं. तरी पुण्या-साताऱ्याच्या वाचकांस वकील म्हटला कीं कोर्टांत उभा राहून बोलणाराच आठवतो. विलायतेंत हीं दोन कामें निराळीं. झगा घालून वरिष्ठ न्यायालयांत भाषण करणारा तो बॅरिस्टर. अशिलाशीं बोलून, कागदपत्र जुळवून, बॅरिस्टरच्या हातीं तयार प्रकरण देणारा तो सॉलिसिटर. पूर्वीं ह्या वर्गांतल्या पुष्कळांना ‘ॲटर्नी’ म्हणत. १८७३ च्या कायद्यानें न्यायालयांची पुनर्रचना झाली, ती १८७५ त अमलांत आली, आणि तेव्हांपासून सर्वांना सॉलिसिटर हें एकच नांव मिळालें. व्हिक्टोरिया राणीच्या काळांत लहान गांवच्या सॉलिसिटरचा कोर्टाशीं संबंध आपण समजतों त्याहून बराच कमी होता. त्याचा खरा संबंध जमिनीशीं.

बाजारपेठेचें एखादें गांव डोळ्यांपुढें आणावें. हमरस्त्यावर विटांचें घर, दारावर पितळेची पाटी, पाटीवर दोन-तीन आडनांवें. त्यांतला एखादा भागीदार स्वर्गवासी होऊन वीस वर्षें लोटलेलीं असावयाचीं. पण त्याचें नांव पाटीवरून हलत नाहीं, कारण शेतकरी आजोबांच्या वेळेपासून तेंच नांव विचारीत आला आहे. आंत भिंतीशीं काळ्या रोगणाच्या पत्र्याच्या पेट्या रचलेल्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत एकेका घराण्याचें नांव. कचेरीचें खरें भांडवल तें हेंच. आमच्या कुळकर्ण्याच्या माळ्यावर रुमालांत जसें सारें गांव बांधलेलें असे, तसा येथें सगळा आसपासचा मुलूख पत्र्याच्या पेट्यांत बंद. कोणाचें शेत कोणाकडे गहाण आहे, कोणत्या मुलाला बापानें मृत्युपत्रांतून वगळलें आहे, कोणाच्या बायकोचा पैसा विश्वस्तांच्या हवालीं आहे, हें गांवच्या धर्मोपदेशकाला ठाऊक नसलें तरी ह्या पेट्यांना ठाऊक असे.

ह्या पेट्यांना एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. आमच्या सातबाऱ्यासारखा उतारा तिकडे नव्हता. मिडलसेक्स आणि यॉर्कशर येथें दस्तऐवज नोंदविण्याची सोय अठराव्या शतकापासून होती खरी. पण इतरत्र जमीन कोणाची हें सांगावयास जुन्या कागदांखेरीज कोणी नाहीं. मालकी नोंदविण्याचा कायदा १८६२ त झाला, तो ऐच्छिक. सक्ती आली ती १८९७ च्या कायद्यानें, आणि तीहि प्रथम लंडनपुरती. तेव्हां एक झोंपडी विकावयाची असली तरी विकणाऱ्याच्या सॉलिसिटरनें मागच्या साठ वर्षांतलीं खरेदीखतें, गहाणखतें, मृत्युपत्रें, लग्नाचे करार यांचा गोषवारा लिहून काढावयाचा. १८७४ च्या कायद्यानें साठांचीं चाळीस वर्षें केलीं. घेणाऱ्याच्या सॉलिसिटरनें तो गोषवारा मूळ कागदांशीं ताडून पाहावयाचा, शंका लिहून पाठवावयाच्या, त्यांचीं उत्तरें यावयाचीं, त्या उत्तरांवर पुन्हां शंका. १८४० सालीं पेनीचें टपाल सुरूं झालें, त्याचा उपयोग प्रेमिकांइतकाच ह्या मंडळींनींहि करून घेतला असला पाहिजे!

ह्याशिवाय गांवचीं बारीकसारीक अधिकारपदें त्याच घरांत नांदत. मॅजिस्ट्रेटांचा कारकून तोच, १८३४ च्या कायद्यानें स्थापिलेल्या गरीबखान्याच्या मंडळाचा चिटणीस बहुधा तोच, जकातीच्या रस्त्यांच्या मंडळाचा हिशेबनीस तोच, जमीनदाराचा कारभारी तोच, आणि निवडणूक आली कीं एका पक्षाचा मुखत्यारहि तोच. बाजाराच्या दिवशीं शेतकरी आणि पंचवीस मार्च व एकोणतीस सप्टेंबर ह्या खंडाच्या तारखांना कुळें, यांची दाराशीं रीघ लागे.

कचेरींतल्या माणसांची उतरंड पाहण्यासारखी होती. तळाशीं पोऱ्या, त्याच्यावर नकलनवीस, त्याच्यावर मुख्य कारकून, ज्याला कायदा मालकापेक्षां अधिक ठाऊक असे पण ज्याचें नांव पाटीवर कधीं चढावयाचें नाहीं, आणि ह्या सर्वांपासून अलग, पुढें मालक व्हावयाचा असा उमेदवार. उमेदवारी पांच वर्षांची, पदवीधराला तीन. तिच्यासाठीं मालकाला मोठी रक्कम द्यावी लागे, आणि करारावर सरकारी स्टँप १८५३ पर्यंत एकशेंवीस पौंडांचा, पुढें ऐंशीचा. गरिबाच्या पोराला हें दार बंदच होतें असें म्हटलें तरी चालेल. उराया हीपला मिस्टर विकफील्डनें ही रक्कम न घेतां उमेदवारींत घेतलें, ह्या उपकाराचें ओझें किती मोठें होतें हें हा आंकडा पाहिल्याशिवाय कळत नाहीं. आणि त्या उपकाराची परतफेड त्यानें जी केली तिची चीडहि पुरती येत नाहीं.

आतां पैशांविषयीं. सहा शिलिंग आठ पेन्स हा आंकडा इंग्रजी विनोदांत वकिलाचें दुसरें नांवच होऊन बसला आहे. ही रक्कम म्हणजे पौंडाचा बरोबर तिसरा हिस्सा. अशिलानें येऊन पाऊण तास मुलाच्या वागणुकीचें रडगाणें गाइलें, कीं रोजवहींत नोंद व्हावयाची: आपली भेट घेतली, आपलें म्हणणें ऐकिलें, कांहीं ठरलें नाहीं; सहा शिलिंग आठ पेन्स. दस्तऐवजांचा मेहनताना मात्र निराळ्या मापानें मोजीत, आणि तें माप लांबीचें! बहात्तर शब्दांचा एक ‘फोलिओ’ धरावयाचा आणि दर फोलिओला अमुक शिलिंग. शब्द विकून पोट भरणारा म्हणून लोक लेखकाला हिणवितात. येथें तर शब्द अक्षरशः मोजून विकले जात.

आमच्याजवळ अशा एका विक्रीचा नमुना आहे. एका जुन्या विद्यार्थ्यानें विलायतेंतल्या जुन्या बाजारांतून थोडक्या पौंडांस घेऊन पाठविलेलें हें १८५७ सालचें खरेदीखत उलगडलें कीं आमचें लिहिण्याचें मेज जवळजवळ झांकून टाकतें. कातडें मेंढीचें. मेंढीच्या कातड्यावरचें अक्षर खरवडूं गेल्यास पापुद्रा सुटून लबाडी उघडी पडते, म्हणून दस्तऐवजांसाठीं तें पसंत करीत असें म्हणतात. आणि जुन्या इंग्रजी दस्तऐवजांपैकीं बहुतेक सर्व खरोखरच मेंढीच्या कातड्याचे आहेत असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. आरंभींचे दोन शब्द काळ्याभोर ठसठशीत वळणाचे, पुढें ओळीमागून ओळ, कोठें स्वल्पविराम नाहीं कीं पूर्णविराम नाहीं. विषय काय, तर एक लहानसें घर आणि त्याच्यामागचा बागेचा तुकडा. पण त्याबरोबर घरें, उपघरें, इमारती, कोठारें, अंगणें, वाटा, पाणी, पाण्याचे पाट, हक्क, लाभ, सवलती असें जें कांहीं जगांत असूं शकेल तें सारें विकलें आहे. आमच्या जुन्या सनदांतलें ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ सहज आठवतें. फरक एवढाच कीं आमचा चिटणीस सात शब्दांत थांबे. ह्या कातड्यावर दोन हजारांच्या वर शब्द आहेत, आम्हीं मोजले.

ही लांबण मूर्खपणाची होती असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. निम्मी भीतीची होती: एखादी वाट लिहावयाची राहिली आणि पुढें तंटा झाला तर? उरलेली निम्मी मेहनतान्याची. पन्नास वर्षें कादंबरीकारांनीं ह्या भाषेची टवाळी केली, तिच्या केसालाहि धक्का लागला नाहीं. १८८१ सालीं पार्लमेंटनें दोन कायदे केले: एकानें ते पाणी-पाट न लिहितांहि विक्रींत आले असें समजावें असें ठरविलें, आणि दुसऱ्याच्या आधारें १८८३ पासून मेहनताना किंमतीच्या प्रमाणांत, म्हणजे पहिल्या हजार पौंडांपर्यंत शेंकडा दीड पौंड, असा ठरला. लांब लिहिण्यांत कांहीं मिळेनासें झालें, आणि दस्तऐवज आखूड होऊं लागले! आमचे विद्यार्थी परीक्षेंत पुरवणीवर पुरवणी कां मागतात, ह्याचा खुलासा आम्हांस ह्या दोन कायद्यांत सांपडतो. गुण पानांवर मिळतात अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि परीक्षकांनीं ती अद्याप पुरती खोटी ठरविलेली नाहीं.

पण शब्दांचा हा व्यापार फार तर खर्चिक म्हणावा. धोका होता तो दुसरीकडे. समजा, एका धान्यव्यापाऱ्याची विधवा आहे आणि तिच्याजवळ सहाशें पौंड आहेत. सरकारी रोख्यांत घातले तर शेंकडा तीन, म्हणजे वर्षाला अठरा पौंड. सॉलिसिटर म्हणतो, एका शेतकऱ्याला गहाणावर कर्ज पाहिजे आहे, साडेचार मिळतील, म्हणजे सत्तावीस. तिच्या दृष्टीनें नऊ पौंड थोडे नव्हेत. ती सही करते. गहाणखत पत्र्याच्या पेटींत जातें, तें तिनें पुन्हां कधीं पाहावयाचें नाहीं. दर सहामाहीला कचेरींतून साडेतेरा पौंड हातीं पडतात. पुढें शेतकऱ्यानें कर्ज फेडलें, पैसे सॉलिसिटरच्या बँकेच्या खात्यांत आले. आणि तें खातें त्याच्या स्वतःच्या पैशाचेंहि! निराळें खातें ठेवलेंच पाहिजे असा कायदा नव्हता. त्यानें ते पैसे स्वतःच्या रेल्वेच्या शेअर्सकडे वळविले, तरी विधवेला कळणार कसें? साडेतेरा पौंड येतच असतात. प्रामाणिक सॉलिसिटरचें व्याज एखादे वेळीं, शेतकऱ्याचें पीक बुडालें तर, मागेंपुढें होई. लबाडाचें मात्र घड्याळासारखें वेळेवर येई, कारण वेळेवर येण्यावरच त्याचें सारें अवलंबून होतें.

विकफील्डच्या कचेरींत नेमकें हेंच घडतें, आणि डिकन्सची खरी समज त्याच्या शेवटांत दिसते. हीपचीं कृष्णकृत्यें कोणी बॅरिस्टर उघडकीस आणीत नाहीं. तीं आणतो आठवड्याला साडेबावीस शिलिंगांवर ठेवलेला कारकून मिकॉबर, कारण वह्या त्याच्या हातांखालीं असतात. डिकन्स स्वतः पंधराव्या-सोळाव्या वर्षीं लंडनच्या वकिलांकडे पोऱ्या-कारकून होता. कागद कोणाच्या हातांतून जातात हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

तथापि हीपांचीच गणना करीत बसलों तर त्या धंद्याला अन्याय होईल. शेंकडों कचेऱ्यांत बाप-लेक-नातू अशा तीन पिढ्या परक्यांच्या पैशावर बसल्या, तपासणारा कोणी नव्हता, आणि पै इकडची तिकडे झाली नाहीं. त्यांच्यावर कादंबरी लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाहीं, आणि लिहिली असती तर आम्हीं तरी वाचली असती काय? कायदा जागा झाला तो फार उशिरा. १९०१ सालीं खुद्द लॉ सोसायटीच्या एका माजी अध्यक्षाला अशिलांच्या पैशाच्या अपहारासाठीं शिक्षा झाली. तरीहि अशिलांचा पैसा निराळ्या खात्यांत ठेवण्याचा नियम अमलांत यावयास १९३५ साल उजाडलें, आणि बुडालेल्यांना भरपाई देणारा निधि १९४१ च्या कायद्यानें झाला. तोंपर्यंत त्या विधवेला जामीन एकच, सॉलिसिटरची नियत.

१९२५ च्या कायद्यांनीं मागचा इतिहास तीस वर्षांवर आणला, आणि पेट्यांतलें पुष्कळसें कातडें एका दिवसांत निरुपयोगी झालें. कांहीं परगण्यांच्या दप्तरखान्यांत गेलें, कांहीं जाळलें, कांहींच्या दिव्यावरच्या टोप्या झाल्या. आमचें खत त्यांतून वांचलें. त्याच्या पाठीवर पैसे पोंचल्याची पावती आहे, खालीं दोन साक्षीदार आहेत, आणि त्यांतल्या एकानें सहीपुढें आपला धंदा लिहिला आहे: सॉलिसिटरचा कारकून. भिंगाखालीं धरून आम्हीं ती सही पुढच्या दोन हजार शब्दांशीं ताडून पाहिली. कांहीं अक्षरांची शेंपटी दोन्हीकडे सारखीच वळलेली आहे.